पांढरी कड

पार्सल सोमवारी परत आलं. खोक्यात माझीच काचेची नळी, तिच्यावर माझ्याच अक्षरातली पट्टी, आणि नळीभोवती रबरबँड लावून गुंडाळलेला एक कागद. ‘आपल्या एक्केचाळीस नंबरच्या बुरशीवर आमच्या अळ्या उत्तम पोसल्या. तीन आठवड्यांत एकही दगावली नाही, उलट वजन वाढलं. कृपया खरी एक्केचाळीस नंबर पाठवावी. इकडे पिकाची मुळं खाल्ली जात आहेत. महिनाभराच्या पुढं थांबता येणार नाही.’ खाली पीक-संरक्षण केंद्रातल्या कुणा बाईंची सही, ओळख ना पाळख. मी कागद दोनदा वाचला आणि मला राग आला तो फक्त ‘खरी’ या एका शब्दाचा. म्हणजे मी काय खोटी पाठवली? तेवीस वर्षं मी त्या अळीमार बुरशीला तळहाताच्या फोडासारखी जपली आणि ही कोण बाई मला खरी पाठवा म्हणून सांगणार? पार्सल उन्हात ठेवलं असेल यांनी. नाहीतर भलत्याच अळ्या घेतल्या असतील. नाचता येईना अंगण वाकडं. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर आपटून लावला आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडला, कारण ‘उलट वजन वाढलं’ हे शब्द दाढेत अडकल्यासारखे आत कुठंतरी अडकून राहिले होते.

आमची कल्चर रूम संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला आहे. खिडकी नाही. भिंतभर लाकडी घोड्या, त्यांत तीनशे बारा नळ्या, प्रत्येकीला कापसाचं बूच, प्रत्येकीत तिरकी गोठवलेली जेली आणि जेलीवर एकेक जिवंत बुरशी. माझं काम त्यांना जिवंत ठेवायचं. दर दोन महिन्यांनी सुई ज्योतीत लाल करायची, निववायची, जुन्या नळीतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा उचलायचा, नव्या नळीतल्या ताज्या जेलीवर ठेवायचा, बूच लावायचं, पट्टी लिहायची. जुनी नळी वाफेच्या भांड्यात उकळून मारून टाकायची. झालं. हे मी नोकरीला लागल्यापासून करते आहे आणि याला काम म्हणायला लोक कचरतात. घरी तर विचारूच नका. आमचे प्राध्यापक, म्हणजे माझे यजमान, चारचौघांत सांगतात, ‘ही संस्कृतीचं रक्षण करते, मी फक्त तिचा अभ्यास करतो,’ आणि लोक हसतात, आणि मीही हसते, वीस वर्षं तोच विनोद ऐकून हसण्याचे जे स्नायू तयार होतात त्यांनी. पण कामाचा मला अभिमान आहे. शिकाऊ असताना शिकवलेला नियम एकच, तुकडा नेहमी स्वच्छ, भरलेल्या, देखण्या कडेचा घ्यायचा. तो मी कधी मोडला नाही. पाहुणे आले की संचालक त्यांना माझ्या खोलीत आणतात, आणि पाहुणे एक्केचाळीस नंबरसमोर थांबून म्हणतात, अगंबाई, काय सुंदर आहे ही, कापसाची गादीच जणू. आणि ती होतीच तशी. पांढरीशुभ्र, मऊ, नळीच्या काचेला अलगद टेकलेली.

आली तेव्हा मात्र ती अशी नव्हती. हे मला त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले तेव्हा आठवलं, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा समोर येऊन उभं राहिलं. काचपट्टीवर नुसते धागे होते. धागे, धागे, लांबच लांब, आळशी. बुरशीची बी म्हणजे बीजाणू. तेच अळीच्या कातडीला चिकटतात, आत शिरतात, तिला मारतात. ते शोधायला मला अर्धा तास लागला आणि सापडले ते मोजके, चुरगळलेले. आमचे तेव्हाचे प्रमुख, थोरले सर, यांनी ही बुरशी एका मेलेल्या अळीच्या अंगावरून काढली होती. तेव्हा ती हिरवट काळपट होती, जुन्या पितळी नळावर चढतो तसला रंग, आणि तिची भुकटी उडायची. बूच काढलं की धुरळा. शेजारच्या चाळीस आणि बेचाळीस नंबरच्या नळ्या तिनं पहिल्याच वर्षी नासवल्या, माझ्या शिस्तीच्या घोडीवर हिरवे डाग पाडले, आणि माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की त्या दिवसापासून मी तुकडा घ्यायचा तो तिच्या पांढऱ्या कडेचा. कडेला तेव्हा जरासा पांढरा भाग असायचा. तो उडायचा नाही, पसरायचा नाही, सुईला शहाण्यासारखा चिकटून यायचा. पुढच्या खेपेला कड जरा रुंद झाली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. किती वर्षांनी सगळीच पांढरी झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही, आणि जेव्हा आलं तेव्हा मी मनात म्हटलं, वळण लागलं हिला. वर्षाला सहा, तेवीस वर्षं. एकशे अडतीस वेळा मी स्वतःच्या हातानं जे कामाचं ते उकळून मारलं आणि जे दिसायला बरं ते पुढं नेलं. फ्रीझरमध्ये जपलेल्या कुप्या आहेत, पण त्या भरल्या अकरा वर्षांपूर्वी. त्याही पांढऱ्याच.

रजिस्टर काढलं. थोरल्या सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. एक्केचाळीस नंबरपुढं लिहिलेलं, ‘दर वर्षी एकदा जिवंत अळीवरून काढणे. न काढल्यास आळसावते.’ हे मी वाचलेलं होतं. एक वर्ष केलंही होतं, नाक दाबून. मग नवे संचालक आले, खोलीला वातानुकूलन आलं, आणि इमारतीत किडे आणायचे नाहीत असं परिपत्रक निघालं. तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. निवृत्त होताना सर नळी माझ्या हातात देऊन म्हणाले होते, ‘बाई, हिला घाणेरडीच राहू द्या. टापटीप करायला जाऊ नका.’ मला वाटलं, म्हातारा माणूस थट्टा करतोय. मी हसलेही. त्या संध्याकाळी मात्र त्या बिनखिडकीच्या खोलीत मी ती नळी दिव्यापुढं धरून बसले. केंद्रातल्या बाईंना काय कळवायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की त्या पांढऱ्या गादीत कुठंतरी खरी एक्केचाळीस अजून आहे, की मी तिला केव्हाच संपवली आणि इतकी वर्षं तिच्या नावाची पट्टी कापसाला चिकटवत आले? आठ महिन्यांनी मी निवृत्त होणार. तीनशे अकरा नळ्या कुणालाही सांभाळता येतील. विश्वासानं हातात दिलेली एवढी एकच होती.

दुसऱ्या दिवशी संचालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘महिना बघा. नाहीतर यादीतून नंबर काढून टाकू, त्यात काय एवढं.’ त्यात काय एवढं! मी पक्षी आणि मासे विकणाऱ्या दुकानातून साठ अळ्या घेतल्या, पक्ष्यांना खायला घालतात त्या, पिवळ्या, काडीसारख्या. परिपत्रकामुळं त्या संस्थेत नेता येईनात, म्हणून घरी आणल्या. पांढरी बुरशी पाण्यात घोटली, त्यात अळ्या लोळवल्या, कोंडा भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या आणि डबा गॅलरीत. साठांतली एक जरी या बुरशीनं मेली आणि तिच्या अंगावर हिरवी भुकटी धरली, तरी त्या एकीवरून मला सगळी पुन्हा उभी करता आली असती. हे मी जेवताना प्राध्यापकांना समजावून सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

‘गॅलरीत अळ्या?’

‘झाकण आहे.’

‘अगं पण पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आपल्याकडे माणसं येणारायत, दालनाच्या उद्घाटनाची.’

‘ती अळ्या बघायला येणारायत का?’

‘तसं नव्हे. पण काहीतरी तारतम्य.’

‘तारतम्य मी तेवीस वर्षं ठेवलं. त्याचंच हे फळ आहे.’

बाबा, म्हणजे माझे वडील, मध्येच म्हणाले, ‘किती आहेत?’ मी म्हटलं साठ. ‘मोजून घेतल्यास ना? दुकानदार लबाड असतात,’ आणि जेवण सोडून डबा बघायला उठले. बाबा त्र्याऐंशीचे. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. बॉयलर, छापखान्याची यंत्रं, बँकांच्या तिजोऱ्या, जे क्रेनला जमत नाही ते त्यांची टोळी दोरखंड, पहारी आणि लोखंडी रूळ लावून ओढायची, आणि ओढताना बाबा गायचे. त्या गाण्यावर आमच्या प्राध्यापकांचं आयुष्य उभं आहे. माझंही, म्हणायचं तर. कारण ते गाणं टेप करायलाच हे पहिल्यांदा आमच्या घरी आले, बारीक, दाढीवाले, खांद्याला टेपरेकॉर्डर. मी चहा नेला. बाबा धुतलेला सदरा घालून खुर्चीच्या टोकावर बसलेले. यंत्राचं लाल बटण दाबलं आणि माझे बाबा, ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा, शाळेतल्या मुलासारखे खाकरले. पुढं त्या गाण्यावर प्रबंध झाला, पुस्तक झालं, ‘संस्कृती ही सेंद्रिय असते, ती आपोआप वाढते’ हे त्या पुस्तकातलं पहिलं वाक्य. मला ते वाक्य लग्नाआधी फार आवडायचं. आता वाटतं, आपोआप या जगात काही वाढत नाही. आपोआप फक्त बुरशी वाढते, आणि तीही नको तिथं.

रोज सकाळी मी डबा उघडायची. कोंडा चाळायचा, विष्ठा काढायची, अळ्या मोजायच्या. सगळ्या ठणठणीत. त्यांची ती हावरट वळवळ बघून माझं डोकं उठायचं. चौथ्या दिवशी एक जरा मरगळलेली दिसली, चिमट्यानं टोचलं तरी हलेना. इतक्या लवकर बुरशीनं होत नाही, ही दुकानातूनच आजारी आली असणार, म्हणून मी ती उचलून कोपऱ्यातल्या कुंडीत टाकली. एक नासकी ठेवली की डबा नासतो. पाचव्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी एक, रंग उतरलेली. त्याही कुंडीत. त्या कुंडीतलं रोप वाळून वर्ष झालं, तरी बाबा तिला रोज तांब्याभर पाणी घालतात. सांगून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. एकूण अकरा अशा निघाल्या. उरलेल्या एकोणपन्नास इतक्या टवटवीत, की प्राध्यापकसुद्धा वाकून बघून म्हणाले, ‘छान ठेवल्यायस गं.’ मला डबा त्यांच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. यांची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती, माझी सोडून. पण एकटीनं चूक सोसायची म्हणजे फार जड जातं, जवळ उभ्या असलेल्या माणसावर थोडी ओतली जाते.

उद्घाटनाच्या आदल्या गुरुवारी घरात तालीम झाली. विद्यापीठात यांच्या विभागानं कामगार संस्कृतीचं दालन उभं केलं होतं. जुनी हत्यारं, फोटो आणि मधोमध एक जुनं लेथ मशीन, जे चाळीस वर्षांपूर्वी बाबांच्याच टोळीनं एका कारखान्यात बसवलं होतं. बाबांचा सत्कार आणि मग त्यांचं गाणं, असा बेत. बाबा सोफ्यावर बसून म्हणाले,

‘घामाची ही दोरी, हय्या! एकजुटीनं धरी, हय्या! उद्याच्या पहाटेला, हय्या!’

मी भाजी चिरत होते. हात थांबला. गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं, दर वर्षी कुठं ना कुठं व्यासपीठावर. पण सुईनं कड उचलावी तसे ते शब्द त्या दिवशी मला वेगळे दिसले. उद्याची पहाट? बाबा पहाटेला आयुष्यात कधी काही म्हणाले नाहीत, शिवी सोडून. शाळेत असताना मी त्यांचा डबा घेऊन कामावर जायची. भिंत पाडून बॉयलर आत घेत होते. वीस माणसं, दोर ताठ, आणि बाबा पहारीवर एक पाय देऊन, ‘साहेबाची ढेरी, हय्या! लोखंडाहून भारी, हय्या!’ साहेब तिथंच उभा होता. पुढच्या ओळी मला इथं लिहिता येणार नाहीत. दर वेळी नव्या असायच्या. कुणी अंग चोरतोय, कुणाची बायको माहेरी गेलीय, कंत्राटदारानं दोर कसला कुजका दिलाय, सगळं त्यात यायचं, माणसं हसून हसून लाल व्हायची आणि त्या हसण्याच्या धक्क्यानंच बॉयलर हलायचा. मी डबा पोटाशी धरून लाजेनं मरायची. घरी येऊन आईला सांगायची. मोठी झाल्यावर बाबांनाच सांगायला लागले, ‘बाबा, चारचौघांत असं बोलत नाहीत.’ म्हणजे पांढरी कड पहिल्यांदा उचलली ती मीच.

‘अहो,’ मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, ‘ती पहिली टेप कुठाय?’

‘कुठली?’

‘आमच्या घरी केलेली. चहा झाल्यावर बाबा मोकळे झाले होते. शिव्या घालत तासभर म्हटलं होतं त्यांनी.’

‘ती होय. त्यात प्रबंधात घेण्यासारखं काही नव्हतं गं. दुसऱ्या बाजूला नीट, स्वच्छ म्हटलंय तेवढं ठेवलं.’

‘आणि ती बाजू?’

ते चष्मा पुसायला लागले. म्हणजे उत्तर मला आवडणार नव्हतं. ‘तेव्हा टेप महाग होत्या. त्यावर मी मार्गदर्शकांचं व्याख्यान घेतलं.’

‘कशावरचं?’

‘संस्कृतीच्या जतनावरचं.’

मला भांडायचं होतं, कडाडून. पण तोंड उघडलं आणि माझ्याच डोळ्यांसमोर वाफेचं भांडं आलं, त्यात एकशे अडतीस नळ्या. कुठल्या तोंडानं बोलू? मी बाबांजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ‘बाबा, ते साहेबाच्या ढेरीचं म्हणा ना.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग जावयाकडे, मग भिंतीकडे. ओठ हलवले. ‘साहेबाची...’ म्हणाले आणि थांबले. पुन्हा एकदा ‘साहेबाची’. मग केविलवाणं हसले. ‘नाही येत आता, पोरी. पुस्तकातलं येतं.’ त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि बुरशीचं की गाण्याचं, यांतलं कुठलं दुःख जास्त आहे तेही कळेना.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा दालनाच्या दारात गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध लेथ अडकलं होतं. दोन दिवस आधी यायचं ते ऐन वेळी आलं होतं. चाकांच्या ढकलगाडीवर घालून आणलं, आणि सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत गाडीचं एक चाक रुतून बसलं. यंत्र एका अंगाला कललेलं. चार हमाल, दोन शिपाई, विभागातले चार-पाच जण आणि आमचे प्राध्यापक नवा कोट घालून, ‘सावकाश, सावकाश, आपण एकत्रित प्रयत्न करू या,’ असं व्याख्यानाच्या आवाजात सांगत होते. जो तो आपापल्या वेळेला ढकलत होता. पाहुणे दाराबाहेर घड्याळ बघत उभे. मी बाबांना कडेच्या खुर्चीवर बसवलं. ते इस्त्रीच्या सदऱ्यात, हातावर हात ठेवून बसले. थोडा वेळ त्यांनी ते सगळं बघितलं. मग त्यांच्या नाकातून एक आवाज आला, जो मी तीस-चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

‘रूळ कुठायत?’ कुणी ऐकलं नाही. बाबा काठी टेकत उठले. ‘अरे रूळ कुठायत? चाकावर कसलं ओढता, लग्नाची वरात आहे का?’

‘बाबा, तुम्ही बसा, होईल ते,’ प्राध्यापक म्हणाले.

‘पहार आण,’ बाबा मला म्हणाले.

पहार काचेच्या कपाटात होती. खाली पाटी, ‘पहार: श्रमाचं प्रतीक.’ कपाटाची किल्ली कुणाकडे तरी होती आणि ते कुणीतरी पाहुण्यांना आणायला गेलं होतं. तेवीस वर्षं मी एक बूचसुद्धा वेळेआधी काढलं नव्हतं. मी काच दोन्ही हातांनी धरून खसकन ओढली, कडी निखळली, पहार बाहेर काढली. फोटो लावायच्या स्टँडचे लोखंडी पाइप शिपायानं सोडवून दिले. बाबांनी पहार चाकाखाली घातली, एक पाय तिच्यावर दिला आणि मान वर केली. गाणं सुरू झालं तेव्हा आधी कुणाला ते गाणं आहे हेच कळलं नाही.

‘जावई माझा शहाणा, हय्या! कोट घालून पाहुणा, हय्या! पुस्तकातला किडा, हय्या! आधी त्याला काढा, हय्या!’

हमाल हसले. पहिल्या हसण्याला लेथ हललं, बोटभर. प्राध्यापकांचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. टेप करायला, दुसरं काय. बाबांनी ते बघितलं आणि त्या हातावर, फोनवर, आणि असल्या वेळी हात खिशात घालणाऱ्या माणसाच्या एकूण कर्तबगारीवर जी ओळ रचली तिच्यानं दारातल्या पाहुणीबाईंनी तोंडाला रुमाल लावला. माझे यजमान लाल झाले. मग त्यांनी फोन सोडला, कोट काढून माझ्याकडे फेकला आणि हमालांच्या ओळीत शिरून खांदा लावला. पंचवीस-तीस वर्षं ज्या गाण्यावर हे बोलत आले त्यात ते पहिल्यांदाच ‘हय्या’ म्हणत होते, बेसूर, घामाघूम. लेथ पाइपांवरून गडगडत आत गेलं. मी कोट पोटाशी धरून उभी होते, आणि मला जराही लाज वाटली नाही.

अर्ध्या तासानं व्यासपीठावर सत्कार झाला. बाबांपुढं माइक धरला. ते खाकरले आणि म्हणाले, ‘घामाची ही दोरी.’ पहाटेसकट सगळं म्हटलं. टाळ्या झाल्या.

रविवारी सकाळी प्राध्यापक फोन घेऊन त्यांच्यासमोर बसले. रात्रभर खांदा दुखत होता त्यांचा, तेल लावून दिलं होतं मी. आवाजात नेहमीची ऐट नव्हती. ‘बाबा, काल दारात म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणाल? सगळं. माझ्यावरचंसुद्धा. मी एक शब्द गाळणार नाही.’

बाबांनी खरोखर प्रयत्न केला. डोळे मिटले, हाताची मूठ केली. मग डोळे उघडून चिडून म्हणाले, ‘असं बसल्या बसल्या कसं येईल? वजन कुठाय?’

वजन कुठाय. मी चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभी होते. डबा समोर होता. स्वच्छ, कोरडा, ताजा कोंडा, एकोणपन्नास अळ्या. आणि मला एकदम माझाच हात दिसला, चिमटा धरलेला, रोज सकाळी. जी मरगळली, जिचा रंग उतरला, जिच्यावर कसलं तरी वजन पडलेलं दिसलं, ती उचलायची आणि टाकायची. डबा देखणा ठेवायचा. अहो, कर्म माझं! पार्सल आल्यापासून मी स्वतःला जिच्याबद्दल शिव्या घालत होते तीच चूक मी रोज सकाळी साडेसहाला, चूक निस्तरण्याच्या नावाखाली, पुन्हा करत होते.

कप कुठं ठेवला ते आठवत नाही. कुंडीपाशी गुडघे टेकून मी हातांनीच माती उकरली. बाबांच्या रोजच्या तांब्यानं ती ओलीगच्च होती, बुरशीला हवी तशी. पहिली अळी सापडली ती काळी, लिबलिबीत, नुसती कुजलेली. दुसरीही तशीच. तिसरी हाताला कडक लागली, खजुराच्या बीसारखी. वर काढली. तिच्या अंगावर पांढरं धरलं होतं, आणि पांढऱ्यावर, अर्ध्या अंगभर, घाणेरडा हिरवट काळपट थर. बोटानं स्पर्श केला तर उडाला. नाकात गेला. मला शिंका आल्या, एकापाठोपाठ चार. अशा आणखी दोन निघाल्या. अकरांतल्या तीन. माझ्या नखांत, बोटांच्या रेषांत, नव्या गाऊनवर सगळीकडे ती भुकटी, आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते शिंकांचं नव्हतं.

बाबा काठी टेकत दारात आले. ‘काय गं? काय झालं?’

मी तळहात पुढं केला. त्यांनी वाकून बघितलं.

‘मेल्या?’

‘मेल्या बाबा.’

‘मग रडतेस कशाला?’

मी तशीच मातीत बसून राहिले. बाबांनी नेहमीचा तांब्या उचलला आणि मला म्हणाले, ‘सरक. पाणी घालायचंय.’